ओट्यामागच्या टाईल्स आणि आमचा जादा शहाणपणा

कापडाचा व्यापारी टाईल्सवर काय लिहिणार, असा प्रश्न काही व्यापारी बांधवांना पडेल. पण गेल्या हिवाळ्यात आमच्या प्रताप नगरातील घराचे स्वयंपाकघर आम्ही फोडले, नव्याने बांधले, आणि त्या एकोणीस दिवसांत धंद्याविषयी जे कळले ते गांधीबागेत गादीवर बसून तीस वर्षांत कळले नव्हते. म्हणून हा तजुर्बा वाचकांपुढे ठेवतो. आपल्यापैकी पुष्कळजण यातलेच कारागीर आहेत, त्यांनी आमच्या चुका खुशाल मोजाव्यात.

घर अब्बांनी १९९१ साली बांधले. ओटा काळ्या कडप्प्याचा, त्यामागे सहा इंची पांढऱ्या टाईल्सच्या तीन ओळी, म्हणजे जेमतेम दीड फूट. त्या काळी सगळीकडे हेच होते. पांढऱ्या सिमेंटने भरलेले सांधे हळद आणि तेल पिऊन पिवळे झाले होते, आणि शेगडीमागची भिंत दीड फुटाच्या वर तपकिरी. बेगम दहा वर्षे सांगत होत्या. आम्ही दहा वर्षे "दिवाळीचा सीझन जाऊ द्या" म्हणत होतो. शेवटी मुलाच्या लग्नाची तारीख निघाली, पाहुणे येणार म्हणून काम काढले. पाहुण्यांच्या तारखेवर काम काढणे ही पहिली चूक. मिस्त्रीला घाई दिसली की भाव वाढतो, आणि घाईत आपलीही अक्कल चालत नाही.

टाईल्सच्या दुकानात गेलो तर डोळे फिरले. लाकडासारखी, दगडासारखी, विटेसारखी, फळांच्या टोपल्या छापलेली. एक छोटी तीन बाय सहा इंची 'सबवे' म्हणून दाखवली. दुकानातला मुलगा म्हणाला, हा नवा माल आहे. नवा कसला! न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे १९०४ साली सुरू झाली तेव्हा तिच्या स्थानकांच्या भिंतींना ह्याच आकाराच्या टाईल्स होत्या, म्हणून हे नाव. आणि चकचकीत टाईल्सची कला तर त्याहून कितीतरी जुनी. आम्ही उर्दू शाळेत शिकलो, तेथे या कामाला 'काशीकारी' म्हणत. इराणच्या काशान शहरावरून आलेला हा शब्द. दूर जायला नको, बीदरला महमूद गावानच्या पंधराव्या शतकातील मदरशाच्या भिंतीवर निळ्या टाईल्सचे तुकडे आजही पाहायला मिळतात. असो.

आज आपल्याकडच्या दुकानातला बराचसा माल गुजरातच्या मोरबीचा असतो. पूर्वी मोरबी कौले आणि भिंतीवरच्या घड्याळांसाठी प्रसिद्ध होते. आता टाईल्सच्या भट्ट्या तेथे शेकड्याने आहेत. बिलावर जीएसटी १८ टक्के लागतो. २०१७ च्या जुलैत कर आला तेव्हा तो २८ होता, नोव्हेंबरात कमी झाला. कच्च्या चिठ्ठीवर घेतले तर हा कर वाचतो असे कोणी सांगेल. पण मग खोक्यात फुटका माल निघाला तर तक्रार कोणत्या कागदावर करणार?

निवड करताना रंगाआधी पृष्ठभाग पाहावा. शेगडीमागे गुळगुळीत, चमकदार टाईलच बरी. उठावाची, खडबडीत टाईल दुकानात दिव्याखाली फार देखणी दिसते, पण घरी रोज पोळ्या आणि तळण असेल तर तिच्या खाचांत तेलाची वाफ बसते आणि महिन्याभरात ब्रश घेऊन उभे राहावे लागते. फळे छापलेल्या नक्षीच्या टाईल्सबद्दल आमचे मत कडू आहे. साडीवरची छपाई दोन वर्षांत जुनी होते तशीच हीही होते, फरक एवढाच की साडी बदलता येते.

दुसरी बाब मापाची. हे आम्हाला लगेच कळले, कारण हा पन्ह्याचाच हिशोब आहे. कापडाचा पन्हा आणि सदऱ्याचे माप जुळले नाही की चिंध्या निघतात. बारा बाय अठरा इंची टाईल आडवी लावली तर दोन ओळींत बरोबर दोन फूट उंची होते. उभी लावली तर एक ओळ दीड फुटाची आणि वर सहा इंचांची कापलेली पट्टी. आमचा ओटा एल आकाराचा, एक बाजू ११ फूट, दुसरी ६. म्हणजे १७ फूट लांबी, दोन फूट उंची, ३४ चौरस फूट. एक टाईल दीड चौरस फुटाची. नीट कापले तर २३ नग लागतात. दुकानदार म्हणाले, "पाच खोकी घ्या, ३० नग. मोडतोड असते, पुढे एखादी फुटली तर घरात असलेली बरी." आम्ही व्यापारी माणूस! मनात म्हटले, हा आम्हाला माल खपवतो आहे. चार खोकीच घेतली, २४ नग. एक नग जादा, त्यावर आम्ही खूश.

कामाचा क्रम मात्र आम्ही मिस्त्रीच्या सांगण्याप्रमाणे ठेवला आणि तो बरोबर निघाला. आधी नळवाला, नंतर वीजवाला, मग ग्रॅनाईटचा ओटा, मग टाईल्स, शेवटी सांधे. मिक्सर, चिमणी, पाण्याचे मशीन, ओव्हन यांचे बोर्ड कुठे हे बेगमनी खडूने भिंतीवर मांडून दिले. भिंतीत गाडलेल्या नळाला दाब देऊन एक रात्र तसाच ठेवला. टाईल लागल्यावर गळती कळली तर सगळे फोडावे लागते. टाईल कशाने चिकटवायची हेही मालावर अवलंबून. साधी सिरॅमिक टाईल पाणी पिते, ती भिजवून सिमेंटच्या गिलाव्यावर लावतात. विट्रिफाईड पाणी जवळजवळ पीतच नाही, तिला सिमेंट धरत नाही. तिला पिशवीतले तयार अ‍ॅडहेसिव्हच हवे. टाईल बसल्यावर बोटाच्या पेराने ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला तर आत जागा राहिली, तेथे ती एक दिवस फुटणारच. सांध्यांत आम्ही या वेळी एपॉक्सी भरले. ते साध्या भरणापेक्षा बरेच महाग पडते आणि लावताना झटपट पुसावे लागते, पण हळदीचा डाग धरत नाही.

हे सगळे सांगायला सोपे. घरातले हाल वेगळे. व्हरांड्यात एक शेगडी, भांडी अंगणात, प्रत्येक डब्यावर सिमेंटची धूळ. नळवाला "उद्या" म्हणून गेला तो चौथ्या दिवशी आला. मलबा फाटकासमोर पडलेला, शेजारच्या फ्लॅट स्कीमचे लोक रोज विचारत. बेगमनी तक्रार केली नाही, पण आठव्या दिवशी भाजी खारट झाली आणि आम्ही बोललो, तेव्हा त्या ताटावरून उठून गेल्या.

आता मुख्य गोष्ट. एक टाईल रिक्षातून उतरवतानाच फुटली. एक बोर्डासाठी खाच पाडताना गेली. त्यात बेगमना शेगडीमागे आणखी एक ओळ वर, चिमणीपर्यंत हवी झाली. त्या साडेचार फुटांना तीन नग. म्हणजे २८ लागणार आणि आणले २४. मुलाला पाठवून पाचवे खोके आणवले. दुपारी गादीवर गिऱ्हाईक बसलेले असताना मिस्त्रीचा फोन आला. "शेठ, नव्या खोक्याचा शेड नंबर वेगळा आहे. लावू की थांबू?" आम्ही अर्धे ऐकले. "लाव बाबा, आज संपव," म्हणालो.

सकाळी उन्हात पाहिले तर खालच्या दोन ओळी पिवळसर हस्तिदंती आणि वरच्या तीन टाईल्स गुलाबीकडे झुकलेल्या. कोपऱ्यातली एकही तशीच. आमचा तोल गेला. मिस्त्रीला त्याच्या हाताखालच्या पोरासमोर नाही नाही ते बोललो. कामचोर म्हणालो, डोळे फुटले का म्हणालो. त्याने उत्तर दिले नाही. थापी धुतली, पिशवीत टाकली आणि पोराला घेऊन निघून गेला.

रात्री बेगम म्हणाल्या, "त्याने फोन माझ्यासमोर केला होता. तुम्ही लाव म्हणालात." आम्ही गप्प.

वाचक हो, याहून लाजेची गोष्ट पुढे आहे. मोमिनपुऱ्यातले शिंपी आमच्याकडून शाळेच्या गणवेशाचे कापड नेतात. दोन मीटर कमी नेतात आणि आठवड्याने परत येतात. तेव्हा आम्हीच त्यांना ऐकवतो की, रंगाईचा लॉट बदलला, आता शेड जुळणार नाही, एका वेळी पुरते का नेले नाही? भट्टीचेही तसेच आहे. एका खेपेचा झिलईचा रंग दुसऱ्या खेपेशी तंतोतंत जुळत नाही, म्हणून तर खोक्यावर शेड आणि बॅच छापतात. जे आम्ही रोज विकतो तेच विकत घेताना विसरलो, आणि त्याचा राग ज्याने विचारले त्याच्यावर काढला.

दोन दिवस मिस्त्री आला नाही. पाहुण्यांना सहा दिवस राहिले होते. दुसरा कोणी हात लावायला तयार नाही; दुसऱ्याचे अर्धे काम कोणी घेत नाही. तिसऱ्या सकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो. दारात त्या पोरालाही बोलावले आणि त्याच्यासमोर सांगितले की चूक आमची होती, फोनवर आम्हीच लाव म्हणालो. मिस्त्री म्हणाला, "शेठ, पैसे कापणार नाही ना, एवढेच सांगा. पोराची दोन दिवसांची मजुरी मीच दिली." ती दोन दिवसांची मजुरी आम्ही दिली. त्याने चहा पाजला.

युक्तीही त्याचीच. ओट्याच्या ग्रॅनाईटची उरलेली काळी पट्टी त्याने दोन इंची कापून घेतली. वरच्या तीन टाईल्स काढल्या, पट्टी मध्ये घातली आणि टाईल्स तिच्या वर लावल्या. आता रंगाचा फरक मुद्दाम केल्यासारखा दिसतो. काढताना तीनपैकी दोन फुटल्या. नव्या खोक्यात दोनच उरल्या होत्या, त्या तेथे लागल्या. कोपऱ्यातल्या एकीसमोर फ्रीज उभा केला. लग्नात येणाऱ्या बायकांनी काळ्या पट्टीची तारीफ केली, दोघींनी मिस्त्रीचा नंबरही नेला.

जाणकार सांगतात की चार-पाच टाईल्स माळ्यावर जपून ठेवाव्यात. आमच्याकडे एकही नाही. खोक्याचा शेड नंबर असलेला पुठ्ठा बेगमनी फाडून बिलासोबत ठेवला आहे, आणि शेगडीजवळ जड भांडे उचलायचे झाले की आम्हाला हाक मारतात.