घर पाहायचं तर बुधवारी संध्याकाळी

‘घर पाहावं बांधून’ असं आपल्या आज्या सांगत आल्या. आता स्वतः उभं राहून घर बांधणं कोणाला जमतं? आता घर ‘बुक’ करायचं असतं. तेही आपल्या गावात नाही, तर मुलगा किंवा मुलगी नोकरी करते त्या शहराच्या कडेला, जिथलं साधं किराणा दुकानही आपल्याला माहीत नसतं. आमच्या मिरजेतून असं पुण्याकडे निघालेलं एखादं तरी घर प्रत्येक गल्लीत सापडेल.

आमच्या बचत गटातल्या एका मैत्रिणीवर ही वेळ आली. नवरा रेल्वेत होता, नोकरीत असतानाच गेला. क्वार्टर आज ना उद्या सोडायचं होतं. हाताशी ग्रॅच्युइटीचे आणि फंडाचे पैसे, पुढे फॅमिली पेन्शन. मुलगा पुण्याला, खराडीत नोकरीला. त्याने वाघोलीत एका नव्या इमारतीत दोन बेडरूमचा फ्लॅट पसंत केला होता. किंमत पन्नास लाख. तीस आईने द्यायचे, वीस लाखांचं कर्ज तो काढणार. इमारत अजून सहाव्या मजल्यापर्यंतच आली होती. “आई, आत्ता घेतलं तर स्वस्तात पडेल,” असं त्याचं म्हणणं. त्यात खोटं काही नव्हतं. पण हे पैसे तिच्या आयुष्यात एकदाच येणार होते. ती मला म्हणाली, “तू चल गं बरोबर. दोघी असलो म्हणजे विचारायला धीर येतो.”

पहिल्यांदा गेलो ते रविवारी. त्यांचीच गाडी स्टेशनवर घ्यायला आली. नमुन्याचा फ्लॅट असा सजवलेला, की बघत राहावं. तिथला मुलगा गोड बोलणारा. “काकू, आज दोन लाख भरलेत तर पार्किंग फुकट. उद्यापासून ही ऑफर नाही.” मैत्रिणीने पर्समधून शिवणाची टेप काढली आणि पलंग मोजला. लांबी जेमतेम साडेपाच फूट! खोली मोठी दिसावी म्हणून पलंग छोटा, आणि आतल्या खोल्यांना दारंच बसवलेली नव्हती. तिचं सागवानी कपाट ठेवलं असतं तर खिडकीची एक बाजू उघडलीच नसती. स्वयंपाकघरात ओटा झकास होता, पण दुसरा सिलिंडर कुठे ठेवायचा आणि धुणं कुठे वाळत घालायचं, याचं उत्तर त्या मुलाकडे नव्हतं. तो ‘हजार चौरस फूट’ म्हणत होता. कायद्याने घर कार्पेट एरियावर विकायचं असतं, म्हणजे भिंतींच्या आत प्रत्यक्ष वापरायला मिळणाऱ्या जागेवर. तो आकडा विचारला तेव्हा साडेसहाशेच्या आसपास निघाला.

दोन लाख काही भरले नाहीत. मुलाचा चेहरा उतरला. “मावशी, तुम्ही आईला घाबरवताय,” तो मला म्हणाला. मी म्हटलं, “अरे, साडी घेताना आपण पदर उलगडून बघतो. इथे तर तुझ्या बाबांची सगळी नोकरी लागली आहे.”

दुसऱ्यांदा गेलो ते मुद्दाम बुधवारी संध्याकाळी, पुणे स्टेशनहून सिटी बसने. रविवारी अर्ध्या तासाचा वाटलेला नगर रस्ता त्या दिवशी दीड तासाचा झाला. त्या इमारतीच्या शेजारी दोन-तीन वर्षांपूर्वी लोक राहायला आलेली सोसायटी होती. तिच्या फाटकाशी मुलांना खेळवत बायका बसल्या होत्या. आम्ही पाणी मागितलं आणि गप्पांना बसलो. बायकांच्या गप्पांत अर्ध्या तासात जे कळतं ते छापील पुस्तिकेत नसतं. वाघोली २०२१ साली पुणे महापालिकेत आली, पण गाव महापालिकेत येणं आणि नळाला पुरेसं पाणी येणं यांत अंतर असतं. त्यांच्याकडे टँकर येत होते. उन्हाळ्यात टँकरचे पैसे वाढले की महिन्याची वर्गणीही वाढे. रात्री नऊनंतर रिक्षावाले आत यायला तयार नसत. दवाखाना मात्र जवळ होता, शाळाही बऱ्या होत्या, आणि बायका एकमेकींच्या अडीनडीला धावणाऱ्या होत्या. चांगलं-वाईट दोन्ही त्यांनी मोकळेपणाने सांगितलं.

मग कागद पाहिले. स्थावर संपदा कायदा २०१६ साली झाला आणि १ मे २०१७ पासून आपल्याकडे ‘महारेरा’ सुरू झालं. मोठ्या प्रकल्पांची तिथे नोंदणी सक्तीची आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोडही छापावा लागतो. तो मोबाइलवर धरला की प्रकल्पाची माहिती उघडते. गटातल्या एका मुलीने ती आम्हाला काढून दिली. दोन गोष्टी कळल्या. आम्हाला दाखवलेला फ्लॅट बाराव्या मजल्यावर होता, आणि मंजुरी होती अकरा मजल्यांची! वरच्या मजल्यांची परवानगी ‘येणारच आहे’ म्हणे. दुसरं म्हणजे, तोंडी ताबा दोन वर्षांत, पण नोंदीतली पूर्णत्वाची तारीख त्यापुढे आणखी सव्वा वर्ष. ताबा लांबला तर व्याज किंवा पैसे परत मागायचा हक्क आपल्याला आहे, पण तो करारात लिहिलेल्या तारखेपासून मोजतात. तोंडच्या तारखेला किंमत नाही.

मैत्रिणींनो, आणखी काही गोष्टी वहीत टिपून ठेवा. करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी लागतो, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसलं तर १ टक्का. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकलेल्या घरावर तो लागत नाही. पन्नास लाखांवर हा फरक अडीच लाखांचा होतो. मुद्रांक शुल्क वेगळं, नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार. आणि भोगवटा प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय ‘चावी घ्या, राहायला या’ याला भुलू नका.

खरा पेच पुढेच होता. घर कोणाच्या नावावर? कर्ज मुलाचं, म्हणून घर मुलाच्या नावावर, असं सगळे गृहीत धरून चालले होते. तीस लाख देणाऱ्या बाईचं नाव कुठेच नाही! महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. पंधरा वर्षं ते पुरुषाला विकायचं नाही, ही अटही २०२३ मध्ये काढून टाकली. पण मुलाचं नाव जोडलं की सवलत गेली. हे तिने स्वतःच मुलाला समजावलं. ती म्हणाली, “तू मला बाहेर काढशील असं मला वाटत नाही. पण मी कोणाच्या घरात राहते, हे मला विचारावं लागू नये.” तो पोरगा बराच वेळ गप्प होता.

तिने तो फ्लॅट घेतला नाही. पैसे बँकेत मुदत ठेवीत ठेवले आणि वाघोलीतच, त्या गप्पा झाल्या त्या सोसायटीत, अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने जागा घेतली. जूनमध्ये गेली. पावसात रस्त्यावर तुंबणारं पाणी पाहिलं, एप्रिलमधले टँकर पाहिले. भाजीवाली कधी येते, भजनी मंडळ कुठे बसतं, हेही कळलं. भाड्याचे पैसे ‘पाण्यात गेले’ असं नातेवाईक म्हणाले. तिला ते शिकवणीच्या फीसारखे वाटले.

वर्षाने तिने त्याच भागात, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या इमारतीत एका बेडरूमचं घर घेतलं. कर्ज न काढता, फक्त स्वतःच्या नावावर, आणि थोडी रक्कम शिल्लक ठेवून. मुलगा काही दिवस नाराज होता. आता तो ऑफिसातून सुटला की तिच्याकडे जेवायला येतो. टँकर तिथेही येतोच, पण तो येणार हे तिला घेण्याआधी माहीत होतं.

प्रत्येकीला वर्षभर भाड्याने राहणं परवडेल असं नाही. पण एक बुधवार सगळ्यांना परवडतो. सिटी बसने जा, टेप बरोबर न्या, आणि शेजारच्या इमारतीतल्या बायकांकडे पाणी मागा.