घड्याळाचं लघुत्तम माप

ताडकळसच्या बाजारात सोयाबीनचं पोतं ज्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर चढतं, त्याच्या अंगावर एक लहानशी पट्टी असते. जास्तीत जास्त किती वजन चालेल, कमीत कमी किती हवं, आणि ‘ई’ या अक्षरापुढे एक आकडा. तिकडे कोणी फारसं बघत नाही. भाव काय निघाला आणि कटती किती लागली, याचीच काळजी मोठी. पण ती पट्टी कायद्याने सक्तीची आहे. ‘ई’पुढचा आकडा म्हणजे काटा ज्या पायरीने पडताळला जातो ती पायरी, आणि बहुतेक व्यापारी काट्यांवर वजनही त्याच पायरीने सरकतं. ट्रकच्या भुईकाट्यावर ही पायरी दहा-वीस किलोंची असू शकते, सोनाराच्या काट्यावर मिलिग्रॅमांतली. शाळा-कॉलेजात व्हर्निअर कॅलिपर हाताळताना आपण जिला लघुत्तम माप म्हणत होतो, तीच ही गोष्ट.

संगणकाच्या घड्याळालाही असं लघुत्तम माप असतं. पट्टी मात्र नसते. प्रोग्रॅम वेळ विचारतो, घड्याळ सेकंदाच्या पुढे सहा-नऊ दशांश स्थळं असलेला आकडा देतं, आणि विचारणारा समजतो की शेवटच्या दशांशापर्यंत सगळं मोजलेलं आहे. खरं तर ते घड्याळ ठरावीक टप्प्यांनीच पुढे जातं. विंडोजच्या नेहमीच्या घड्याळाचे ठोके सेकंदाला ६४. म्हणजे एक पायरी साधारण १५.६ मिलिसेकंदांची. या दोन ठोक्यांच्या मधे कितीही वेळा विचारा, उत्तर तेच. त्याआधीच्या आयबीएम पीसीत तर अवस्था आणखी बिकट होती. तिथल्या टायमरची वारंवारता होती सेकंदाला ११,९३,१८२. तिला ६५,५३६ने भागून सेकंदाला सुमारे १८.२ ठोके मिळत. पायरी जवळपास ५५ मिलिसेकंदांची. हा ६५,५३६ लक्षात ठेवा, तो पुन्हा भेटणार आहे.

पंधरा मिलिसेकंदांनी कोणाचं काय बिघडतं, असं वाटणं साहजिक आहे. याचं उत्तर ताडकळसहून फार लांब नाही. पूर्णा, वसमत करत उत्तरेला औंढा नागनाथ गाठलं की त्या भागात दुधाळ्याजवळ लायगो-इंडियाची जागा आहे. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या या वेधशाळेला केंद्राची तत्त्वतः मंजुरी फेब्रुवारी २०१६मध्ये मिळाली आणि सुमारे २,६०० कोटींच्या खर्चाला एप्रिल २०२३मध्ये. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांत लेसर, आणि अणुकेंद्रकाहूनही सूक्ष्म थरथर ओळखण्याची ईर्षा. अमेरिकेत अशा दोन वेधशाळा आधीपासून आहेत, हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टनला, एकमेकींपासून तीन हजार किलोमीटरवर.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी, आपल्याकडे दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं झालेली असताना, दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणातून उठलेली लहर आधी लिव्हिंगस्टनला पोचली आणि ६.९ मिलिसेकंदांनी हॅनफर्डला. लहर प्रकाशाच्या वेगाने येते, त्यामुळे हा फरक दहा मिलिसेकंदांच्या वर जाऊच शकत नाही. लहर आकाशाच्या कुठल्या भागातून आली, याचा मोठा पुरावा म्हणजे हे ६.९ मिलिसेकंद. आता कल्पना करा, या दोन्ही ठिकाणी १५.६ मिलिसेकंदांच्या पायरीचं घड्याळ असतं तर? अर्ध्याहून अधिक शक्यता अशी की दोन्हीकडे एकच आकडा पडला असता, आणि उरलेल्या वेळी १५.६चा फरक. म्हणजे एकदा फरक नाहीच, आणि एकदा भौतिकशास्त्राला अशक्य असलेला फरक! घड्याळ बंद पडलेलं नाही, मागेपुढे झालेलं नाही. फक्त त्याची पायरी मोजायच्या गोष्टीपेक्षा मोठी आहे.

लायगोत अर्थातच असं घड्याळ नाही. तिथली नोंदयंत्रणा जीपीएसशी जुळवलेली असते आणि संकेताचे सेकंदाला ६५,५३६ नमुने घेते. पुढे ते गाळून १६,३८४ केले जातात. हाच तो जुना आकडा. दोनाचा सोळावा घात असल्याने तो संगणकाच्या मंडळींना फार सोयीचा.

चांगलं घड्याळ असूनही सॉफ्टवेअर घोटाळा करू शकतं, याची जाण लायगोच्या प्रोग्रॅमरांना होती. त्यांच्या लालसूट या संचात वेळ दोन पूर्णांकांत ठेवतात: सेकंद वेगळे, नॅनोसेकंद वेगळे. कारण सोपं आहे. नेहमीच्या दशांश संख्येला ५३ बिटांचीच अचूकता असते. जीपीएसचा काळ ६ जानेवारी १९८०पासून सेकंदांत मोजतात. २०१५च्या त्या घटनेपर्यंत तो आकडा ११२ कोटींच्या पुढे गेला होता. एवढे सेकंद त्या ५३ बिटांत बसवले की शेवटी उरणारी पायरी २३८ नॅनोसेकंदांची होते. घड्याळ कितीही बारीक असो, आकड्याचं भांडंच तेवढं जाड.

पायथन या भाषेला ही गोष्ट कळायला २०१८ उजाडलं. तोवर तिथे वेळ अशाच दशांश संख्येत मिळायची. व्हिक्टर स्टिनर यांच्या प्रस्तावावरून त्या वर्षीच्या ३.७ आवृत्तीत नॅनोसेकंदांचा पूर्णांक देणारी नवी फंक्शनं आली. त्या प्रस्तावातलं मोजमाप मला फार आवडतं: एकाच लिनक्स यंत्रावर जुन्या फंक्शनची सगळ्यात बारीक पायरी निघाली २३९ नॅनोसेकंदांची, नव्याची ८४. घड्याळ तेच होतं. फरक फक्त उत्तर देण्याच्या पद्धतीत.

मग भाषेच्या प्रमाण ग्रंथालयानेच घड्याळाची पायरी का सांगू नये? पायथनने हे २०१२च्या ३.३ आवृत्तीत केलं. ‘गेट क्लॉक इन्फो’ नावाचं फंक्शन कुठलं घड्याळ वापरलं, ते मागे जाऊ शकतं का, कोणी त्याचे काटे फिरवू शकतं का, आणि त्याचं रेझोल्यूशन, म्हणजे पायरी, किती, हे चार शब्दांत सांगतं. युनिक्सच्या जगात पॉझिक्स मानकात ‘क्लॉक गेट रेझ’ कधीचं आहे. सी भाषेच्या मानकात मात्र तसं फंक्शन अगदी अलीकडे, सी-२३मध्ये आलं. जावाचं धोरण निराळं. तिचं नॅनोटाइम उत्तर नॅनोसेकंदांत देतं, पण दस्तऐवजात साफ लिहिलेलं आहे की आकडा दर नॅनोसेकंदाला बदलेलच याची हमी नाही. किती वेळाने बदलतो, हे विचारायची सोय नाही. सी प्लस प्लसच्या क्रोनोमध्ये घड्याळाचं एकक कळतं, आणि नवशिके तेच पायरी समजून बसतात. किलोची खूण असलेल्या काट्याला ग्रॅम कळतात, असं मानण्यातला प्रकार.

इथे खरी अडचण सुरू होते. पट्टी लावली, पण तिच्यावरचा आकडा खरा आहे का? आजच्या लिनक्सला विचारा, तो बहुधा एक नॅनोसेकंद असं बेधडक सांगेल. नुसती वेळ वाचायलाच त्याहून अनेक पटींनी अधिक काळ लागतो, त्यामुळे एवढी बारीक पायरी कोणाच्या हाती लागणं शक्यच नाही. तोच लिनक्स आपल्या स्वस्त, ‘भरड’ घड्याळाबद्दल मात्र प्रामाणिक असतो: सेकंदाला २५० ठोक्यांच्या कर्नलवर तो चार मिलिसेकंद सांगतो, आणि पायरी खरोखर तेवढीच असते. ॲपलचा मॅक नेहमीच्या घड्याळाला एक मायक्रोसेकंद म्हणतो. त्याच कंपनीच्या एम-वन चिपमधला मोजक मात्र सेकंदाला २ कोटी ४० लाख वेळा सरकतो, म्हणजे सुमारे ४२ नॅनोसेकंदांनी. तेव्हा कोणी म्हणेल की असा भरवशाचा नसलेला आकडा ग्रंथालयात देऊच नये. मला ते पटत नाही. आकडा द्यावा, पण तो घड्याळाने स्वतःविषयी केलेला दावा आहे, मोजलेली गोष्ट नव्हे, हे त्याच्या शेजारी लिहावं. जावासारखं नुसतं हात वर करण्यापेक्षा हे बरं.

पायरी उघड सांगण्याचा फायदा मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजच्या जुन्या नोंदी हाताळणाऱ्यांना विचारावा. त्या नोंदींत ऑर्डरची वेळ ‘जिफी’त येई: १ जानेवारी १९८०पासून मोजलेले, सेकंदाच्या ६५,५३६व्या हिश्शाचे तुकडे. एक जिफी म्हणजे १५.२६ मायक्रोसेकंद. (तिसऱ्यांदा तोच आकडा, आणि आरंभाचं वर्षही लायगोच्या जीपीएस काळाचंच, पण दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.) गंमत अशी की जिफी दिसायला ओबडधोबड, पण तिची पायरी तिच्या एककातच सांगितलेली. एकाच जिफीत दोन ऑर्डर दिसल्या की अभ्यासक क्रमांक बघतो, घड्याळाशी वाद घालत नाही. तेच आकडे कोणी मायक्रोसेकंदांत बदलून दिले असते तर सहा दशांश बघून पोरांनी त्यांतून भलतेच निष्कर्ष काढले असते.

काही ठिकाणी तर पायरी मुद्दाम जाड करावी लागते. जानेवारी २०१८मध्ये स्पेक्टर हा प्रोसेसरांतला दोष जगजाहीर झाला. कॅशेतून वाचायला किती आणि मुख्य मेमरीतून किती वेळ लागला, एवढ्या फरकावरून दुसऱ्याची गुपितं काढता येतात, हे त्यातलं मर्म. मग फायरफॉक्सने वेब पानांना मिळणाऱ्या घड्याळाची पायरी ५ मायक्रोसेकंदांवरून २० वर नेली. इतर ब्राउझरांनीही आपापली घड्याळं बोथट केली. चोराच्या हातात बारीक घड्याळ नको, हा विचार. म्हणजे लघुत्तम माप ही केवळ यंत्राची मर्यादा उरली नाही, ते धोरणही झालं. मग ते लपवून कसं चालेल?

आपल्या सरकारलाही घड्याळांची आठवण झाली आहे. काट्यावरच्या पट्टीची सक्ती ज्या वैधमापन कायद्याखाली आहे, त्याच कायद्याखाली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२५मध्ये भारतीय प्रमाणवेळेच्या नियमांचा मसुदा काढला. सगळ्यांनी एकाच वेळेशी जुळवून घ्यावं, असा त्याचा भर. जुळणी आणि पायरी या मात्र दोन वेगळ्या बाबी आहेत: अचूक जुळलेलं घड्याळही १५ मिलिसेकंदांच्या ठोक्यांनी चालू शकतं.

स्वतःच्या संगणकाची पायरी शोधायला कुठल्याच मसुद्याची वाट बघायला नको. एक लूप लिहा, वेळ पुनःपुन्हा वाचा, आकडा बदलला की आधीचा वजा करा आणि सगळ्यात लहान फरक जपून ठेवा. आकडा काही वेळा बदलेपर्यंत लूप चालू ठेवा. विंडोजवर पायथन ३.१२ असेल आणि कधीच मागे न जाणारं ‘मोनोटॉनिक’ घड्याळ वाचलं, तर १५-१६ मिलिसेकंदांच्या उड्या दिसतील. ऑक्टोबर २०२४च्या ३.१३ आवृत्तीने ते घड्याळच बदललं. तीच लूप, त्याच यंत्रावर, आता मायक्रोसेकंदाच्या आसपासचा फरक दाखवते.