लय बदलली की कान जागा होतो

आमची मुले मोबाईलवर ठेक्याचे आणि नाचाचे खेळ खेळतात तेव्हा पालकांना तो वेळेचा अपव्यय वाटतो. परंतु या खेळांत एक गोष्ट शिकण्यासारखी आहे, ती म्हणजे लयीचा बदल. आणि नेमकी तीच गोष्ट आमच्या भीमजयंतीच्या मिरवणुकीतून हरवत चालली आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

या प्रकारातला गाजलेला खेळ म्हणजे जपानच्या कोनामी कंपनीने १९९८ साली आणलेला 'डान्स डान्स रिव्होल्यूशन'. पायाखाली चार बाणांचा पाट असतो आणि समोरच्या पडद्यावर बाण वर सरकत येतात. बाण ठरल्या जागी पोहोचताच, त्याच ठोक्याला, पाय पडला पाहिजे. मिनिटाला १५० ठोके असले आणि प्रत्येक ठोक्याला पाऊल टाकायचे असले, तर सेकंदाला अडीच पावले होतात. २००१ साली आलेल्या 'मॅक्स ३००' या गाण्याचा वेग तर मिनिटाला ३०० ठोके, म्हणजे सेकंदाला पाच! पण खरी कसोटी नुसत्या वेगाची नसते. काही गाण्यांत वेग मध्येच निम्म्यावर येतो, संगीत क्षणभर थांबते आणि पुन्हा उसळते. त्याबरोबर पडद्यावरच्या बाणांची चालही बदलते. केवळ डोळ्यांवर विसंबणारा तेथे अडखळतो, कान देऊन ऐकणारा सावरतो.

हे आम्हाला नवे आहे काय? मुळीच नाही. लेझीम संथ चालीने सुरू होते, वादक लय चढवतो आणि पावले त्याच्यामागे धावतात. ढोलकीवाला दुगुन करतो तेव्हा मात्रेचा वेग तोच राहतो, फक्त एका बोलाच्या जागी दोन बोल वाजतात. लय चढवली तर मात्राच जवळ येतात. हा फरक अडाणी म्हटल्या गेलेल्या आमच्या वादकांना पक्का ठाऊक होता.

१९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी बाबासाहेबांची चळवळ गाण्यांतून गावोगाव नेली. देशवंडीचे लोककवी वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी हयातभर तेच कार्य केले. भीमगीताचा जाणता गायक ओळ आधी सावकाश मांडतो. शब्द श्रोत्यांपर्यंत पोहोचले की मग लय वाढते आणि कोरस ती उचलून धरतो. संथ लयीत विचार रुजतो, जलद लयीत उत्साह येतो. दोन्ही हवेत.

आज मुखेडसारख्या तालुक्याच्या गावीही डीजेच्या भिंती उभ्या राहतात. गाण्यातला संथ भाग गाळून तासन्‌तास एकच ठोका वाजतो. पाय हलतात, परंतु बाबासाहेबांचा विचार सांगणारे कडवे कुणाच्या कानी पडत नाही. हमाली, मजुरी करून दिलेली वर्गणी अशा गोंगाटावर खर्च व्हावी काय?

बंधू-भगिनींनो, नाच बंद करा असे आमचे म्हणणे नाही. जयंतीच्या महिनाभर आधी विहारात मुलामुलींना लेझीम, ढोलकी आणि कोरस शिकवावा. घरी आईने टाळी द्यावी, मध्येच लय बदलावी आणि मुलांनी पाऊल जुळवावे. मिरवणुकीत निदान काही गाणी ढोलकी-पेटीवर, शब्द ऐकू येतील अशा बेताने व्हावीत. नाचणाऱ्या पोराला आपण कोणत्या ओळीवर नाचलो हे सांगता आले, तर ती जयंती सार्थकी लागली असे आम्ही समजू.

जयभीम!