आभासी डिस्कची डोळ्यांत तेल घालून तपासणी

एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक चालवण्याचे तंत्र आता नवे राहिलेले नाही. भाड्याने मिळणारे असंख्य सर्व्हर म्हणजे प्रत्यक्षात अशी 'आभासी यंत्रे' असतात. एकाच मोठ्या यंत्रावर परस्परांशी काडीचाही संबंध नसलेल्या ग्राहकांचे संगणक शेजारी-शेजारी नांदतात. या शेजाऱ्यांमधील भिंत पक्की आहे की नाही, हे ज्या आज्ञावलींवर अवलंबून असते त्यांपैकी एक म्हणजे फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने २००३ मध्ये सुरू केलेला 'क्यूएमू' हा एम्युलेटर.

आभासी यंत्रातील पाहुण्या प्रणालीला आपल्याजवळ खरीखुरी डिस्क आहे असे वाटत असते. वस्तुतः ती यजमान संगणकावरील एक फाइल असते. 'अमुक सेक्टर वाच' अशी आज्ञा पाहुण्याने केली, की एम्युलेटर तिचे रूपांतर फाइलमधील जागेत करतो आणि मजकूर पाहुण्याच्या स्मृतीत ठेवतो. हे भाषांतर चुकले, तर काय अनर्थ ओढवू शकतो याचा धडा मे २०१५ मध्ये मिळाला.

'व्हेनम' या नावाने गाजलेला तो दोष क्यूएमूच्या आभासी फ्लॉपी नियंत्रकात होता. पाहुण्याने धाडलेली आज्ञा आणि तिचे तपशील ५१२ बाइटच्या एका कप्प्यात साठत. आज्ञा पूर्ण होताच कप्प्यातील जागा दाखवणारा आकडा शून्यावर यायला हवा. दोन आज्ञांच्या बाबतीत मात्र तो वेळेवर किंवा नेहमीच शून्यावर येत नसे. साहजिकच पाहुणा मजकूर धाडत राहिला, की तो कप्प्याबाहेर, एम्युलेटरच्या स्वतःच्या स्मृतीत सांडत असे. कुंपणच शेत खाण्यातला हा प्रकार! फ्लॉपी ड्राइव्ह जोडलेला नसला तरी नियंत्रकाचा कोड जागाच असे. हा कोड २००४ पासूनचा होता. क्यूएमूचे भाग वापरणाऱ्या झेन, केव्हीएम आणि व्हर्च्युअलबॉक्स या प्रणालींनाही त्याची झळ लागली. उपाय मात्र मोजक्या ओळींचा होता: आकडा काहीही असो, लिहिण्याची जागा ५१२ च्या आतच राहील अशी तजवीज करणे.

म्हणूनच अशा उपकरणाचा कोड तपासणारा पहिला प्रश्न विचारतो तो हा, की हा आकडा आला कोठून? पाहुण्याकडून आलेली प्रत्येक संख्या संशयित मानायची, हा पहिला दंडक. सेक्टरच्या संख्येला ५१२ ने गुणणे वरकरणी निरुपद्रवी दिसते. पण ८३,८८,६०८ सेक्टर मागितले, तर ३२ बिटांच्या गणितात हा गुणाकार चक्क शून्य होतो! मर्यादा तपासणारी ओळ शून्याला बिनदिक्कत पुढे सोडते आणि पुढचा कोड मात्र लाखो सेक्टर हाताळू पाहतो.

दुसरा प्रश्न वेळेचा. 'व्हर्टिओ' पद्धतीच्या डिस्कमध्ये पाहुणा आपली मागणी सामायिक स्मृतीत लिहून ठेवतो. एम्युलेटरने लांबी वाचून तपासली आणि वापरताना ती पुन्हा वाचली, तर मधल्या क्षणी पाहुणा ती बदलू शकतो. उपाय एकच. मागणीची प्रत आधी स्वतःकडे घ्यावी आणि मग तीच तपासावी व तीच वापरावी. झेनच्या डिस्कसंबंधी कोडमध्ये डिसेंबर २०१५ मध्ये असाच दोष जाहीर झाला. तेथील मेख अशी, की कोडमध्ये एकदाच दिसणारे वाचन कंपायलर आपल्या सोयीने दोनदा करू शकत होता. नुसत्या डोळ्यांनी वाचून हे सहसा हाती लागत नाही.

तिसरा प्रश्न प्रामाणिकपणाचा. 'आतापर्यंतचे लेखन पक्के कर' असे पाहुण्याने सांगितल्यावर एम्युलेटरने खरोखर यजमानाच्या डिस्कवर मजकूर पोहोचल्याखेरीज होकार देता कामा नये. घाईने दिलेला होकार गती वाढवतो खरा. पण वीज गेली, की डेटाबेसमधील नोंदी बेपत्ता होतात. मागणी अर्धवट असताना पाहुण्याने यंत्र 'रीसेट' केले तर काय, हेही पाहावे लागते. मोकळी केलेली स्मृती नंतर येणाऱ्या उत्तराने वापरली, तर पुन्हा तीच आपत्ती.

क्यूएमूमध्ये बदल सुचवणारा आपली जबाबदारी नोंदवतो, तपासणारा आपले नाव जोडतो आणि मगच त्या भागाचा सांभाळकर्ता बदल स्वीकारतो. जोडीला, आभासी उपकरणांवर अव्वाच्या सव्वा आज्ञांचा मारा करणाऱ्या स्वयंचलित चाचण्याही आता आहेत. तथापि, यंत्राची चाचणी बहुधा कोसळणारा कोड पकडते. खोटा होकार देणारा कोड कोसळत नाही. तो पकडायला प्रत्येक ओळीवर शंका घेणारा माणूसच लागतो. शिवाय ही शंका नव्या ओळींपुरती ठेवून भागत नाही. कोणी वापरत नाही म्हणून दुर्लक्षित राहिलेल्या फ्लॉपीच्या कोडनेच अकरा वर्षांनी दगा दिला होता.