पायाच्या कमानींतील नौका

पहाटे वैद्यनाथाच्या दर्शनास निघालें म्हणजे परळीच्या रस्त्यांवर पोलीस-भरतीसाठीं धांवणारीं मुलें भेटतात. शिपायाच्या परीक्षेंत मुलांस १६०० मीटर व मुलींस ८०० मीटर धांवावें लागतें. आमच्या पुतण्याचा मुलगाहि त्यांपैकींच. दोन महिन्यांनीं त्याचें पाऊल वरच्या बाजूस दुखूं लागलें, तेव्हां आम्हीं, जन्मभर तितिक्षा शिकविलेल्या मास्तरांनीं, "अरे, थोडें सोसावें," असा उपदेश केला. तो उपदेश चुकीचा होता, हें वाचकांपुढें कबूल करणें आमचें कर्तव्य आहे.

घोट्याच्या आंतील बाजूनें किंचित् पुढें व खालीं बोट फिरविल्यास एक टणक उंचवटा लागतो. तो ज्या हाडाचा, तें मागील बाजूस खोलगट, लहानशा होडीसारखें असतें. म्हणून त्यास नौकाकृति अस्थि म्हणतात. सुश्रुतानें तळवा, कूर्च व गुल्फ मिळून दहा अस्थि सांगितल्या आहेत. आधुनिक शारीरशास्त्र एका पावलांत २६ हाडें मोजतें. घोट्याच्या हाडाचा गोल माथा या नौकेच्या खोलगट भागांत बसतो, व पुढें तीन पाचरीसारखीं हाडें तिला टेकतात. दगडी कमानींत मधल्या दगडाचें जें काम, तेंच पावलाच्या कमानींत हिचें. पोटरींतून उतरणारी एक बळकट कंडरा त्या उंचवट्यास चिकटून ही कमान उचलून धरते.

या हाडाच्या मधल्या भागास मात्र रक्त फार थोडें पोंचतें. आणि धांवतांना पुढच्या-मागच्या हाडांच्या चिमट्यांत ताण पडतो तोहि तेथेंच. रोजच्या आघातानें त्या जागीं बारीक चीर पडते. सूज बहुधा दिसत नाहीं. विसाव्यानें वेदना शमते व धांवतांच परतते. साध्या क्ष-किरणचित्रांत ही चीर पुष्कळदां दिसत नाहीं, त्यासाठीं सी. टी. किंवा एम. आर. आय. करावा लागतो. आमच्या मुलाचें पहिलें चित्र निर्दोष आलें, म्हणून तो पुन्हां धांवला. आणि पुढें सी. टी. मध्यें चीर सांपडली. सहा आठवडे पायास प्लास्टर, पाऊल भुईस टेकवावयाचें नाहीं! त्या वर्षींची भरती हुकली. तथापि हाड सरकलें नव्हतें, हें दैव. नाहींतर शस्त्रक्रिया करून स्क्रू बसवावा लागता.

सुमारें चार ते सात वर्षांचें मूल लंगडूं लागलें तरीहि या हाडाची आठवण ठेवावी. त्या वयांत त्याचा रक्तपुरवठा कांहीं काळ खुंटण्याचा एक विकार होतो. जर्मनींतील डॉक्टर क्योलर यांनीं १९०८ सालीं त्याचें वर्णन केलें. तो बहुधा आपोआप बरा होतो. पण निदान डॉक्टरांनींच करावें, घरांतील वडिलांनीं नव्हे.

आमचा मुलगा आतां पुन्हां धांवतो. सायंकाळीं तो ओट्यावर येऊन बसला म्हणजे आम्ही "सोसावें" असें म्हणत नाहीं; "पाय दाखीव पाहूं," असें म्हणतों.