शिरोरेषेलाही हवा सुताचा आधार

गावच्या नाटकाचे पत्रक आता घरच्या संगणकावर तयार होते. पडद्यावर ते नीटनेटके दिसते. छापखान्यातून गठ्ठा हाती येतो तेव्हा मात्र एखाद्या कलाकाराच्या आडनावाचे शेवटचे अक्षर कडेला अर्धे कापले गेलेले असते. शेजारशेजारच्या दोन नावांपैकी एक किंचित वर, तर दुसरे किंचित खाली गेलेले असते. ज्याचे नाव कापले गेले, त्याच्या दृष्टीने ही चूक क्षुल्लक नसते. ती टाळण्याचे साधन आपण वापरतो त्याच प्रणालीत असते. त्याचे नाव गाइड, म्हणजेच मार्गदर्शक रेषा.

गवंडी भिंत उभारण्यापूर्वी सूत बांधतो आणि काम झाले की सोडून घेतो. गाइडचे कार्य नेमके हेच. चित्रावर दिसणारी ही आडवी वा उभी रेषा केवळ काम करणाऱ्यासाठी असते. ती छापली जात नाही. फोटोशॉप किंवा विनामूल्य उपलब्ध असलेल्या गिंपमध्ये प्रथम ‘व्ह्यू’ मेनूतून मोजपट्टी दृश्य करावी. वरच्या पट्टीवर माउस दाबून खाली ओढल्यास आडवी रेषा मिळते, डाव्या पट्टीवरून उजवीकडे ओढल्यास उभी. नको असलेली रेषा ‘मूव्ह’ साधनाने पुन्हा पट्टीवर नेऊन सोडली की नाहीशी होते. ‘स्नॅप’ची सोय चालू असल्यास मजकूर वा चित्र रेषेजवळ येताच तिला आपोआप चिकटते. त्यामुळे हाताच्या कंपाचा प्रश्न उरत नाही.

ओढून आणलेली रेषा मात्र अंदाजाची असते. अचूकतेसाठी आकडा द्यावा. फोटोशॉपमध्ये ‘न्यू गाइड’ हा पर्याय ‘व्ह्यू’ मेनूत आहे, तर गिंपमध्ये ‘इमेज’ मेनूतील ‘गाइड्स’खाली. गिंपमध्ये टक्केवारीनेही रेषा घालता येते. ५० टक्के उभी रेषा म्हणजे पानाचा नेमका मध्य.

आता पत्रकाचे उदाहरण घेऊ. ए-५ कागद १४८ × २१० मिलिमीटरचा असतो. कटिंग मशीनवर अनेक कागदांचा गठ्ठा एकदम कापला जातो, तेव्हा पाते थोडे इकडेतिकडे सरकू शकते. म्हणून पार्श्वभूमीचा रंग चारही बाजूंनी सामान्यतः ३ मिलिमीटर अधिक ठेवतात. यालाच ब्लीड म्हणतात. त्यानुसार फाइलचा आकार १५४ × २१६ मिलिमीटर होतो. चारही कडांपासून ३ मिलिमीटरवर एकेक रेषा घातली की कागद कोठे कापला जाणार ते डोळ्यांसमोर राहते. त्याच्या आत आणखी ५ मिलिमीटरवर, म्हणजे कडेपासून ८ मिलिमीटरवर, दुसरी चौकट आखावी. कोणतेही नाव, तारीख किंवा वेळ या चौकटीबाहेर जाऊ देऊ नये. अंतर पिक्सेलमध्ये द्यायचे असल्यास इंचाला ३०० पिक्सेल या प्रमाणात ३ मिलिमीटर म्हणजे सुमारे ३५ आणि ८ मिलिमीटर म्हणजे सुमारे ९४ पिक्सेल. ब्लीड किती हवे, हे छापखान्याला आधी विचारून घेणे श्रेयस्कर.

कडेचा प्रश्न असा सुटतो. नावे वरखाली होण्याचे कारण मात्र वेगळे आहे, आणि ते आपल्या लिपीशी निगडित आहे. रोमन अक्षरे खालच्या रेषेवर उभी असतात. देवनागरी अक्षरे शिरोरेषेला टांगलेली असतात. वेलांटी, मात्रा, रफार तिच्या वर जातात, उकार अक्षराच्या खाली उतरतो. एका ओळीत आणण्याची स्वयंचलित आज्ञा शिरोरेषा ओळखत नाही. फोटोशॉप शब्दाच्या दृश्य कडा मोजते. ‘गायन’ आणि ‘दिग्दर्शन’ हे शब्द वरच्या कडेने जुळवले, तर ‘दिग्दर्शन’मधील वेलांटी ‘गायन’च्या शिरोरेषेशी येते आणि सगळा शब्द खाली सरकतो. खालच्या कडेने जुळवल्यास ‘वेशभूषा’ तिच्यातील ऊकारामुळे वर उचलली जाते. संगणकाच्या हिशेबाने दोन्ही वेळा जुळणी बिनचूक असते. वाचकाच्या डोळ्याला मात्र ती खटकते.

उपाय साधा आहे. प्रत्येक ओळीसाठी एक आडवी रेषा आखावी आणि शब्दांची शिरोरेषा तिच्यावर आणून ठेवावी. येथे ‘स्नॅप’ बंद करणे इष्ट, कारण तेही कडाच धरते. चित्र मोठे करून पाहावे आणि ‘मूव्ह’ साधन निवडून बाणांच्या कळांनी शब्द एकेक पिक्सेल सरकवावा. टंक लहानमोठे असले तरी शिरोरेषा एका पातळीत आली की ओळ एकसंध वाटते.

शेवटी सर्व रेषा क्षणभर लपवून पत्रक एकदा नुसत्या डोळ्यांनी पाहावे आणि मूळ फाइल पीएसडी वा एक्ससीएफ स्वरूपात जपून ठेवावी. आखलेल्या रेषा तिच्यात टिकून राहतात. पुढच्या वर्षी नाटक बदलेल, नावे बदलतील. पण सूत बांधलेलेच असेल आणि कुणाचेही आडनाव कात्रीखाली जाणार नाही.