सातवाहनकालीन स्मारके : राजकीय प्रचाराचे साधन

रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळी उभारलेल्या व इ.स.पू. ९ मध्ये अर्पण केलेल्या 'शांतिवेदी'च्या भिंतींवर राजघराण्यातील स्त्री-पुरुषांची व बालकांची मिरवणूक कोरलेली आहे. धर्मकृत्याच्या निमित्ताने घराण्याचे सातत्य जनतेच्या मनावर ठसविणे, हा त्यामागील राजकीय हेतू होय. महाराष्ट्रात सातवाहनांनीही अशाच मार्गाचा अवलंब केलेला आढळतो.

जुन्नर व कोकण यांना जोडणाऱ्या नाणेघाटातील लेण्यात, सामान्यतः इ.स.पू. पहिल्या शतकातील मानल्या जाणाऱ्या, राजकुलाच्या प्रतिमा होत्या. त्या आज नष्ट झाल्या असल्या तरी त्यांवरील नामलेख शिल्लक आहेत. त्यांत सिमुक सातवाहन, राणी नागनिका, सातकर्णी व राजकुमार यांच्याबरोबरच महारठी त्रणकयिर याचेही नाव येते. तो नागनिकेचा पिता मानला जातो. म्हणजेच येथे केवळ वंश नव्हे, तर सत्तेला आधार देणारी सोयरीकही प्रदर्शित झाली आहे. बाजूच्या भिंतींवरील लेखात अश्वमेधादी यज्ञांची व दक्षिणेची नोंद आहे. कोकणातील बंदरांकडून येणारे व्यापारी तांडे हाच घाट चढत असल्याने स्थळाची निवडही अर्थपूर्ण ठरते. लेख वाचता न येणाऱ्यासही प्रतिमांचा आशय कळत असे.

बोरिवलीजवळील कान्हेरी येथे अमात्य सतेरकाने दान दिलेल्या पाण्याच्या पोढीवरील लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचे वर्णन कार्दमक राजवंशातील महाक्षत्रपाची कन्या असे केले आहे. महाक्षत्रपाच्या नावाचे केवळ 'रु' हे आद्याक्षर उरले असून तो रुद्रदामन असावा, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. रुद्रदामनाच्या गिरनार येथील लेखात (इ.स. १५०) मात्र दक्षिणापथपती सातकर्णीस दोनदा जिंकूनही निकटच्या नात्यामुळे त्याचा उच्छेद केला नाही, असे नमूद आहे. दोन्ही लेखांतील नाते एकच असल्यास, जी सोयरीक कान्हेरीत प्रतिष्ठेचे भूषण ठरते, तीच गिरनारला विजेत्याचे औदार्य ठरते. कान्हेरीच्या लेखात पराभवाचा उल्लेखही नाही.

ऑगस्टसच्या आत्मवृत्तपर लेखातही प्रतिस्पर्धी अँटनीचे नाव गाळलेले आहे. अर्थात, भिक्षुसंघासाठी दिलेली पोढी व सम्राटाचे स्मारक यांचे स्वरूप भिन्न आहे, हे विसरता येणार नाही. तथापि शिलालेख हा केवळ वस्तुस्थितीची नोंद नसून तो सत्तेचे निवेदनही असतो. म्हणून त्यात काय कोरले आहे याबरोबरच काय वगळले आहे, हेही प्रतिपक्षाच्या लेखाशी ताडून पाहणे इतिहासाच्या अध्यापनात अगत्याचे ठरते.